घरात उरलेल्या लोकरीच्या लहान-लहान गुंड्यांचं काय विणता येईल?

आधी लोकर कसली आहे ते बघा. आपल्याकडच्या दुकानांतली बरीचशी लोकर ॲक्रिलिकची असते. लेबल हरवलं असेल तर एक तुकडा चिमट्यात धरून बशीवर जाळा. खऱ्या लोकरीला केस जळाल्यासारखा वास येतो आणि राख चुरगळते. ॲक्रिलिक वितळून कडक गोळी होते. म्हणून गरम भांडं धरायचे रुमाल ॲक्रिलिकचे करू नका. त्याला सुती दोरा हवा.

मग जाडीप्रमाणे ढीग लावा. रंग कितीही वेगळे चालतात, जाडी वेगळी असली की विणकाम वेडंवाकडं ओढलं जातं. बारीक लोकर दुहेरी धरली तर जाड लोकरीच्या जवळ जाते.

क्रोशा येत असेल तर सरळ ग्रॅनी स्क्वेअर करा, म्हणजे मधून बाहेर फेऱ्यांनी वाढणारे चौकोन; ते जोडून पांघरूण होतं. चार साखळ्यांचं कडं, त्यात तीन-तीन खांबांचे चार गट, प्रत्येक गटानंतर दोन साखळ्या; तेच चार कोपरे. प्रत्येक फेरीला रंग बदला, पण शेवटची फेरी आणि जोडणी सगळीकडे एकाच रंगात ठेवा (मी काळा किंवा मोतिया घेते). नाहीतर पांघरूण गोंधळलेलं दिसतं. धाग्याची टोकं प्रत्येक चौकोन झाल्यावर लगेच खोचा, शेवटी शंभर टोकं खोचायला कुणालाच उत्साह नसतो.

दोन सुयांवर विणत असाल तर आडव्या पट्ट्यांची बाळटोपी. मोज्यांसाठी मात्र गुंडा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवून आधीच निम्मा करा, म्हणजे दोन्ही मोज्यांना सारखी लोकर मिळते. अगदीच हातभर उरलेल्या तुकड्यांचे तोरणाला गोंडे.