१९६८ ची जीटीओ आणि ४०१-के मधले पन्नास हजार

प्रश्न: मी ४७ वर्षांचा. ट्रॉय, मिशिगनमध्ये वाहन उद्योगाला सुटे भाग पुरवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर आहे. गेल्या वर्षी शेजारच्या आजोबांकडून त्यांची १९६८ ची पोंटियॅक जीटीओ ३०,००० डॉलरला घेतली. त्यांनी ती नवी कोरी घेतली होती, दुसरा मालक मीच. इंजिन मूळचं आहे, खालचा पत्रा चांगला आहे. रंग मात्र मध्ये एकदा मारलाय. एका रिस्टोरेशन शॉपने गाडी पूर्ण उघडून, बोल्टच्या मुलाम्यापासून कारखान्यातल्या खडूच्या खुणांपर्यंत सगळं तेव्हासारखं करून द्यायचे ९२,००० सांगितले आहेत. ४०१-के मधून (नोकरीतलं निवृत्तीचं बचत खातं) ५०,००० चं कर्ज आणि ४२,००० हेलॉकमधून (घर तारण ठेवून मिळणारं कर्ज), असा विचार आहे. दोन्हींचा दर साधारण साडेआठ टक्के. अशा गाड्या ८०,००० ला विकलेल्या मी पाहिल्यात. मुलगी अकरावीत आहे, हाताशी रोख २२,००० आहेत. गुंतवणूक म्हणून हे कसं वाटतं?

नमस्कार,

गुंतवणूक म्हणून हे बसत नाही. तुमचेच आकडे घेतो. गाडीचे ३० हजार आणि कामाचे ९२ हजार मिळून १,२२,००० झाले. ती ८०,००० ला गेली तर ४२,००० गेले, आणि त्यात व्याज, विमा धरलेलाच नाही. वर करही आहे. वर्षाहून जास्त ठेवलेल्या संग्राह्य वस्तूवरच्या नफ्याला अमेरिकेत २८ टक्क्यांपर्यंत कर लागू शकतो. उलट स्वतःच्या वापरातली गाडी तोट्यात विकली, तर तो तोटा रिटर्नमध्ये वजा करता येत नाही. नफ्यात सरकार वाटेकरी, तोटा सगळा तुमचा.

पण पत्र दोनदा वाचलं तेव्हा लक्षात आलं की तुम्हाला गाडी विकायची नाहीच. डॅशवरचा गाडीचा ओळख क्रमांक तुम्ही किती प्रेमाने फोडून लिहिलाय: २ म्हणजे पोंटियॅक, ४२ म्हणजे जीटीओ, ३७ म्हणजे दोन दारांची हार्डटॉप, ८ म्हणजे १९६८, आणि पुढचा 'पी' म्हणजे पोंटियॅक गावातलाच कारखाना, तुमच्या घरापासून थोड्याच मैलांवरचा. त्याच क्रमांकाचा भाग इंजिनावरही कोरलेला आहे आणि शेजारी 'वायएस' ही अक्षरं, म्हणजे ऑटोमॅटिकसोबत आलेलं ४०० घनइंचाचं, ३५० हॉर्सपॉवरचं इंजिन. हे सगळं जुळतं, म्हणजे या गाडीची खरी किंमत तुमच्याकडे आधीच आहे.

तेव्हा याला हौसेचा खर्च म्हणूया. हौसेला मोल नसतं हे मला मान्य आहे. पण ती हौस कुठल्या पैशातून करायची, हे ठरवावंच लागतं.

४०१-के कर्जाबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. नियमाप्रमाणे तुमच्या हक्काच्या शिलकीच्या निम्मे किंवा ५०,००० यांतली कमी रक्कम मिळते आणि ती साधारण पाच वर्षांत फेडायची असते. तुमच्या दराने हप्ता महिना १,०२५ च्या आसपास येईल. हेलॉकचं नुसतं व्याज महिना ३०० धरा, मुद्दल तसंच राहतं. म्हणजे महिना १,३२५, आणि नेमकं त्याच काळात मुलीचं कॉलेज. हेलॉकचे पैसे घराच्या कामाला लागणार नसल्यामुळे त्या व्याजाची वजावटही मिळणार नाही. हेही कदाचित ओढून नेता येईल. मला झोप लागत नाही ती नोकरीमुळे. तुमच्या क्षेत्रात मंदी आली की पुरवठादारांकडे कपात आधी होते, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जवळून पाहिलं असेल. नोकरी गेली आणि ४०१-के कर्जाची शिल्लक पुढच्या वर्षीच्या टॅक्स रिटर्नच्या मुदतीपर्यंत भरता आली नाही, तर ती खात्यातून कायमची काढलेली रक्कम धरली जाते. त्यावर प्राप्तिकर, आणि तुमच्या वयात शक्यतो वर १० टक्के दंडही. पगार बंद, आणि त्याच वर्षी करात वाढ. आणि ही वेळ निभावायला हाताशी फक्त २२,०००.

आता तुम्ही पाठवलेल्या फोटोंबद्दल. एक फोटो मी बराच वेळ बघत होतो. मागच्या ॲक्सलच्या कवचावर ग्रीस आणि धुळीचा काळा थर, आणि तुम्ही जिथे फडक्याने पुसलंय तिथे बोटभर रुंदीचा पिवळा फटकारा. १९६८ मध्ये लाइनवरच्या कुणीतरी हातातल्या ब्रशने ओढलेला तो फटकारा. ही बाजू बघून झाली, पुढे जाऊ द्या, एवढाच त्याचा अर्थ. शॉपवाल्यांच्या कोटेशनमध्ये काय आहे? ॲक्सल सँडब्लास्ट करून रंगवणे, मग जुन्या फोटोंवरून तोच पिवळा फटकारा पुन्हा काढणे. म्हणजे पैसे मोजून खरा पुसायचा आणि पैसे मोजून खोटा काढून घ्यायचा.

त्या ९२,००० मध्ये रंगाचा वाटा तसा थोडा असतो. पैसा जातो तो तासांमध्ये: डोक्यावर योग्य खूण असलेला बोल्ट शोधा, त्याला फॉस्फेटचा थर द्या, ब्रॅकेटला कॅडमियम लावा, होजचे क्लॅम्प त्या काळचे मिळवा. ज्या गाडीचं सगळं हरवलंय तिला हे करावं लागतं, आणि ते करणाऱ्यांच्या चिकाटीला माझा सलाम. तुमच्या गाडीचं मात्र फारसं काही हरवलेलं नाही. त्यावर फक्त मळ बसलाय. गाडी ओरिजिनल एकदाच असते, असं या छंदातली जुनी माणसं म्हणतात, आणि न उघडलेल्या, एका हातात राहिलेल्या गाडीला वेगळा मान असतो.

म्हणून माझ्या मते कर्ज शून्य, आणि पगारातून महिना ४०० बाजूला. तीन वर्षांत १४,४०० होतील. ब्रेक, ब्रेकच्या नळ्या आणि पेट्रोलच्या होज आधी. आजच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलने जुनं रबर खराब होतं आणि आगीचा धोका असतो, त्यामुळे त्यात वाट बघू नका. मग क्वाड्राजेट कार्ब्युरेटरची दुरुस्ती, मग टायर. काढलेला प्रत्येक जुना भाग चिठ्ठी लावून डब्यात ठेवा. जुन्या पोंटियॅक गाड्यांच्या नोंदी पुरवणाऱ्या पोंटियॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडून कारखान्याच्या बिलिंग नोंदीची प्रत मागवा, म्हणजे हिरवा व्हर्डोरो रंग आणि हूडवरचा टॅकोमीटर मूळचाच होता का, ते कागदावर येईल. विमा 'ॲग्रीड व्हॅल्यू' प्रकारचा, म्हणजे गाडीची किंमत आधीच ठरवून घेतलेला, घ्या. नेहमीच्या पॉलिसीत गाडीला घसारा लावतात आणि नुकसानीच्या वेळी हाती थोडं येतं. ॲक्सलसारखे भाग सौम्य द्रावणाने, सुती फडक्याने, हळूहळू पुसा. हे काम मुलीसोबत करता येईल, आणि त्याचं बिल येत नाही.

रंगाचा विषय मुलगी कॉलेजमधून बाहेर पडल्यावर काढू. तेव्हाही फक्त रंगाचा. माझ्याकडच्या एका कुटुंबाची गाडी अशीच पूर्ण उघडली गेली, मधेच शॉप बंद पडलं, आणि ती खोक्यांमधून घरी परत आली. कुठला स्क्रू कुठला, हे आजही कळलेलं नाही. घरात त्या गाडीचा विषय कुणी काढत नाही. तुमच्याकडे तसं व्हावं असं मला अजिबात वाटत नाही.

बुधवारी शॉपला ॲडव्हान्स द्यायचा, असं लिहिलंय. तो देऊ नका. त्याऐवजी शनिवारी शेजारच्या आजोबांकडे जा. डीलर कोण होता, सायलेन्सर कधी बदलले, रंग कुणी मारला, ते सगळं त्यांच्या तोंडून रेकॉर्ड करून घ्या आणि लिहून खाली त्यांची सही घ्या. पुढे कधी गाडी विकायची वेळ आलीच, तर घेणारा हे कागद आधी मागेल. आणि तळघरात जुन्या पावत्यांचा एखादा डबा आहे का, तेही विचारा.