मासाको नोझावा ऐकायला सुरुवात करताय? मग हे वाचा

जपानी आवाज-कलाकारांची ओळख करून घ्यायची, तर मासाको नोझावांपासून सुरुवात करा. फक्त ‘ड्रॅगन बॉल’ या ॲनिमेशन मालिकेचा नायक गोकू याच्या आरोळ्यांवर थांबू नका. आपल्याकडे अनेकांनी ‘ड्रॅगन बॉल झी’ हिंदीत पाहिलं, त्यामुळे नोझावांचा मूळ आवाज कानावर पडलेलाच नसतो. एकदा जपानीत लावा आणि गोकू, गोहान, गोतेन एकत्र असलेला प्रसंग शोधा. बाप आणि दोन्ही मुलगे, तिघांचाही आवाज नोझावांचाच. गोकू मोकळा, गोहान जरा जपून बोलणारा, गोतेन अगदी लहानगा. डोळे मिटून ऐका, कोण बोलतंय ते लगेच कळेल. पट्टी थोडीच बदलते, खरा फरक श्वासात आणि शब्द सोडण्याच्या पद्धतीत आहे. माझ्या मते त्यांची खरी ताकद तिथेच आहे.

त्यानंतर मागे जा. ‘गेगेगे नो कितारो’ या 1968 च्या कृष्णधवल मालिकेतला कितारो हा भुताचा पोर ऐका, मग 1978 च्या ‘गॅलेक्सी एक्स्प्रेस 999’ मालिकेतला तेत्सुरो हा मुलगा. 1973 च्या पहिल्या ‘डोरेमॉन’ मालिकेत काही काळ डोरेमॉनही त्याच होत्या, पण ते भाग मिळणं कठीण, त्यामागे वेळ घालवू नका.

2018 ची कितारो मालिका मात्र चुकवू नका. नोझावांचा जन्म 1936 चा, म्हणजे तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती. ज्या पोराचा आवाज त्यांनी पन्नास वर्षांपूर्वी दिला होता, त्याच्याच वडिलांचा आवाज त्या इथे देतात. जुना कितारो आधी ऐकलेला असेल, तरच त्यातली गंमत पुरती कळते.