ईमेल आला, आली की आलं?

प्रश्न आला आहे तो असा: "आमच्या टीममध्ये आम्ही तिघं मराठी. मी म्हणते 'क्लायंटचं ईमेल आलं', शेजारचा म्हणतो 'ईमेल आला' आणि नवीन रुजू झालेली मुलगी 'ईमेल आली'. बरोबर कोण? आणि एआय तो, ती की ते, हेही सांगून टाका."

दुसऱ्या प्रश्नाकडे शेवटी येतो. पहिल्याचं उत्तर शाळेतल्या व्याकरणाच्या पुस्तकात आहे, पण ते अर्धंच आहे. परभाषेतून आलेल्या शब्दाचं लिंग त्याच अर्थाच्या मराठी शब्दावरून ठरवायचं, असा तो नियम. बूट तो, कारण जोडा तो. पेन्सिल ती, कारण लेखणी ती. ट्रंक ती, कारण पेटी ती. बुक ते, कारण पुस्तक ते. पाठ करून मार्क मिळवायला छान. पण त्याच अर्थाचे मराठी शब्द तीन असले, आणि तिघांची लिंगं तीन असली, तर?

ईमेलचं नेमकं तेच झालं आहे. तुमच्या डोक्यात 'पत्र' किंवा 'टपाल' आहे, म्हणून आलं. शेजाऱ्याच्या डोक्यात 'निरोप' असेल, किंवा त्याहून जवळचा 'मेसेज', म्हणून आला. आणि 'आली'ला हसू नका, तिच्या पाठीशी 'डाक' आहे. शिवाय ईमेलच्या कितीतरी आधी मराठीत एक मेल होतीच, आणि ती स्त्रीलिंगीच होती: पंजाब मेल, कलकत्ता मेल. डाक नेणारी गाडी म्हणून ती मेल, आणि गाडी म्हणून ती सुटायची, चुकायची, लेट व्हायची. आमच्या घरात अजूनही कुणी "मेल आली" म्हटलं की वडील घड्याळाकडे बघतात.

गोंधळात भर घालणारं आणखी एक कारण मला दिसतं, आणि त्याकडे फारसं कुणी बघत नाही. 'मेल करणे' हे आता सरळ क्रियापद झालं आहे. मग आपण म्हणतो, रिपोर्ट मेल केला, फाइल मेल केली, बिल मेल केलं. या तिन्ही वाक्यांत केला-केली-केलं हे मेलचं लिंग नव्हेच. ते रिपोर्टचं, फाइलचं आणि बिलाचं आहे. पण ऐकणाऱ्याच्या कानावर 'मेल'ला चिकटून तिन्ही रूपं पडतात. 'फोन'चं असं झालं नाही, कारण फोनवरून बिल किंवा फाइल 'फोन करता' येत नाही. त्यामुळे फोन कायम केला, लावला, उचलला. तिथे कुणाचा वाद नाही.

नियम अगदीच टाकाऊ आहे असं मात्र नाही. तुमच्या टीमचं काम सॉफ्टवेअरचं असेल, तर त्याच धंद्यातले शब्द घ्या. कोडची ब्रँच (मूळ कोडपासून काढलेली वेगळी प्रत) ती, कारण बँकेची ब्रँच आधीपासून ती होती आणि शाखाही ती. पुल रिक्वेस्ट (माझे बदल मूळ कोडमध्ये घ्या, असं म्हणणं) ती, विनंती ती. टेस्ट ती, चाचणी ती. बग (प्रोग्राममधला बिघाड, इंग्रजीत मूळ अर्थ किडा) तो, आणि त्याच्यामागे तर किडा, ढेकूण, दोष अशी सगळी पुरुषमंडळी उभी आहेत. 1947 साली हार्वर्डच्या मार्क-2 संगणकात खराखुरा पतंग अडकलेला सापडला होता, तोही मराठीत पुल्लिंगीच निघाला! एकटी 'चूक' स्त्रीलिंगी, पण तिचं कुणी ऐकलं नाही.

उलट 'सॉफ्टवेअर' बघा. त्याला 'आज्ञावली' हा शब्द घडवला गेला, पुस्तकांत वापरलाही गेला, तरी सॉफ्टवेअर ते ते-च राहिलं. म्हणजे लिंग ठरवणारा शब्द तोंडात आधीपासून रुळलेला असावा लागतो. मागाहून बनवून दिलेला चालत नाही. आणि अर्थ बाजूला ठेवून नुसत्या आवाजावरूनही बरंच ठरतं. प्रिंटर, चार्जर, सर्व्हर, कॉम्प्युटर ही सगळी खरं तर यंत्रं, पण शेवटच्या 'अर'मुळे सगळे तो. (मोटर ती, कारण तिथे गाडी मध्ये पडते.) 'पोस्ट'चं तर दोन्हीकडून झालं आहे. पत्र जिथे टाकतो ते पोस्ट. आपण लिहितो ती पोस्ट. हे दुसरं स्त्रीलिंग 'नोंद'मुळे आलं की हिंदीतून, यावर भांडता येईल. माझा आपला अंदाज, 'गोष्ट'शी जुळणाऱ्या आवाजाचाही त्यात हात आहे.

आता निकाल. बोलताना तिघंही बरोबर, कुणी कुणाला सुधारू नये. लिहिताना मात्र मी पक्ष बदलला आहे. मीही तुमच्यासारखाच 'आलं'वाला. पण कार्यालयीन पत्रात 'आलं' चालत नाही, 'आले' लिहावं लागतं, आणि तिथे घोटाळा होतो. "आपले ईमेल मिळाले" यात एक मिळालं की चार? नपुंसकलिंगी एकवचन आणि पुल्लिंगी अनेकवचन लेखी मराठीत सारखंच दिसतं. कुठलं ईमेल कुणाला पोचलं यावरून वाद पेटलेला असताना ही संदिग्धता महाग पडते, अनुभवावरून सांगतो. "आपला ईमेल मिळाला" म्हटलं की एकच, "आपले दोन्ही ईमेल मिळाले" म्हटलं की दोन. म्हणून पत्रात पुल्लिंग, घरी नपुंसकलिंग, अशी माझी सोय. तुमच्या नवीन मुलीला 'मिळाली-मिळाल्या' असंही स्वच्छ लिहिता येईल, फक्त समोरचा नपुंसकलिंगवाला असला तर "ईमेल आली" वाचून तो विचारेल, किती आली?

राहिला एआय. इथे आवाजही मदतीला येत नाही. एआय म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता, आणि 'बुद्धिमत्ता' ती, पण बोलताना एआयला 'ती' म्हणणारं मला कुणी भेटलेलं नाही. ॲमेझॉनच्या स्पीकरमधून बोलणारी ॲलेक्सा मात्र चटकन ती झाली, नाव आणि आवाज दोन्ही बाईचे म्हणून. माझ्या ऐकण्यात दोन गट आहेत. माझी मुलगी चॅटजीपीटीला काही विचारते आणि सांगते, "तो म्हणाला, असं नसतं." मी तेच उत्तर वाचतो आणि म्हणतो, "त्यात असं आलंय." तिच्या लेखी तिथे कुणीतरी बसलेलं आहे, माझ्या लेखी ती खिडकी आहे. परवा मात्र मीच तिला विचारलं, "मग काय म्हणाला तो?"