मंकीजच्या पीटर टॉर्कला खरंच वाजवता येत होतं का?

विचारणाऱ्याने एका दमात तीन गोष्टी विचारल्यात. मंकीज हा साठच्या दशकातला अमेरिकन बँड टीव्ही मालिकेसाठी जमवलेला, त्यातल्या पोरांना वाजवता येत नव्हतं म्हणतात, मग २०१९ साली पीटर टॉर्क गेला तेव्हा लोक एवढे का हळहळले? त्याला संगीतकार म्हणायचं का? आणि ऐकायचंच झालं तर सुरुवात कुठून करायची?

‘वाजवता येत नव्हतं’ हे टोचलं, म्हणून लिहायला बसलोय. बाकीचं जमेल तसं.

येत होतं. चौघांत सगळ्यात जास्त त्यालाच येत होतं. गिटार, बेस, पियानो, हार्प्सिकॉर्ड (पियानोच्या आधीचं, कळांचं वाद्य), पाच तारांचा बँजो. (आपल्या गणपतीतला, टाइपरायटरसारख्या कळा दाबून वाजवतात तो बँजो नव्हे. तो मुळात बुलबुलतरंग. लालबागच्या बँजो पार्टीतच माझी सुरुवात झाली, म्हणून हा खुलासा.) टॉर्क न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमधल्या कॉफी हाउसांत गाऊन वाजवून तयार झालेला माणूस. १९६५ साली मालिकेसाठी ‘चार वेडी पोरं हवीत’ अशी जाहिरात आली, चारशेहून जास्त जण आले. त्यात स्टीफन स्टिल्स हा गायक-गिटारवादकही होता. त्याला घेतलं नाही, पण त्याने या मित्राचं नाव सुचवलं. टॉर्क तेव्हा कॅलिफोर्नियात एका ठिकाणी खरकटी भांडी उचलत होता. त्याला घेतलं आणि चौघांतल्या बावळटाची भूमिका दिली. बाप अर्थशास्त्राचा प्राध्यापक, पोरगा स्वतः वाचणारा, आणि टीव्हीवर मात्र ढ.

पहिल्या गाण्याच्या रेकॉर्डिंगला हा गिटार घेऊन हजर झाला. तिथे त्याच्याकडे ‘हा कोण खुळा वाद्य घेऊन आलाय’ अशा नजरेने बघितलं गेलं, हे त्यानेच पुढे सांगितलंय. वाजवणारे आधीच ठरलेले होते, लॉस एंजेलिसचे कसलेले स्टुडिओ वादक. याने फक्त पडद्यावर गिटार धरायची.

ही नजर मला माहीत आहे.

मी बेस गिटार वाजवतो. ऑर्केस्ट्रात बारा वर्षं काढल्यावर २००४ साली एका वाहिनीच्या संगीत कार्यक्रमासाठी बोलावणं आलं. कुठली वाहिनी ते सोडा. गोरेगावला सेट, आम्ही पाच जण, एका भागाचं अमुक इतकं पाकीट, रोजचं जेवण. मी उसने पैसे काढून नव्या तारा चढवल्या. आदल्या रात्री गिटार पुसून, सुरात लावून ठेवली. सेटवर आधी आम्हाला चमकीची जाकिटं घातली. माझं खांद्यात इतकं घट्ट की डावा हात गिटारच्या दांडीवरच्या वरच्या पडद्यांकडे जाईना. मग मी गिटारच्या वायरची, जॅकची पिन हातात घेऊन अँप, म्हणजे ती जोडायचा आवाजाचा डबा, शोधायला लागलो. प्रॉडक्शनचा पोरगा धावत आला, ‘दादा, पिन नका लावू, वायर फ्रेममध्ये येते.’

मी म्हटलं, मग आवाज?

‘आवाज आहे ना. ट्रॅक झालाय.’

ट्रॅक झाला होता, म्हणजे गाणं आधीच रेकॉर्ड झालेलं. अ‍ॅरेंजरने बेससुद्धा कीबोर्डवरच वाजवून टाकला होता. अँप शोभेला ठेवला होता, मागून रिकामा, आत कोणीतरी पाण्याच्या बाटल्या लपवलेल्या. ड्रमरच्या झांजांखाली फडकी कोंबली होती, चुकून आपटली तर वाजू नये म्हणून.

बाकीचे लगेच रुळले. हात हलवायचे, मान डोलवायची, पाकीट घ्यायचं. त्यांना नावं ठेवत नाही, घरं चालवायची होती. मला ते जमेना. मी ट्रॅकची सीडी मागून घेतली, घरी बसून बेसची प्रत्येक ओळ काढली आणि सेटवर पिनेशिवाय तीच वाजवली. तालात, सुरात, पूर्ण. नुसत्या तारांची किरकिर फक्त मला ऐकू यायची. एका कोळीगीताला तर मी त्या कीबोर्डवाल्यापेक्षा बरी जागा बसवली होती, आठ मात्रांची, वरून घसरत खाली येणारी. कोणाला ऐकू जाणार? पण बसवली.

दिवाळीत भाग लागले. भाऊबीजेला ताईकडे सगळे जमलेले, टीव्ही चालू. ताईचे यजमान, म्हणजे आमचे भावोजी, तबल्यात विशारद आहेत आणि हे ते कोणाला विसरू देत नाहीत. पडद्यावर एक संथ भावगीत चाललं होतं आणि मध्येच माझ्या बोटांचा क्लोजअप आला. गाणं ठाय लयीत आणि बोटं वरच्या पडद्यांवरून सुसाट. एडिटरने कोळीगीताचा तुकडा भावगीतात चिकटवला होता. भावोजींनी अनारसा हातातच धरून सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, ‘अरे, सूर कुठे चाललाय आणि बोटं कुठे? तू वाजवतोस की खाजवतोस?’

घर हसलं. मीही हसलो. दुसरं काय करणार? नंतर मी समजावायला गेलो की ते दुसऱ्या गाण्याचं चित्र आहे, मी खरं वाजवत होतो. ते म्हणाले, ‘आवाज नाही तर वाजवलं कशावरून?’

या प्रश्नाला उत्तर नसतं. टॉर्कलाही दोन वर्षं हेच विचारत होते. फरक इतकाच की मंकीज भांडले. १९६७ च्या जानेवारीत त्यांची दुसरी तबकडी त्यांना न विचारता बाजारात आली. चौघांतल्या माइक नेस्मिथने हॉटेलातल्या बैठकीत भिंतीला बुक्का मारून भोक पाडलं, समोरच्याला म्हणाला की हा तुझा चेहरा असू शकला असता. नेस्मिथचा बुक्का सगळ्यांना पाठ असतो. त्याच सुमारास टॉर्क एका गाण्याला हार्प्सिकॉर्ड वाजवत बसला होता, ते कोणी सांगत नाही. संगीत बघणारा डॉन किर्शनर गेला आणि चौघे स्वतः स्टुडिओत शिरले. त्यातून ‘हेडक्वार्टर्स’ निघाली, मे १९६७. अमेरिकेत एक आठवडा पहिला नंबर, मग बीटल्सची ‘सार्जंट पेपर’ आली आणि ही अकरा आठवडे तिच्या खाली दुसरी. त्यात एका गाण्याला चेलो आणि फ्रेंच हॉर्न हवे होते. नेस्मिथने गुणगुणायचं आणि टॉर्कने नोटेशन लिहून वादकांपुढे ठेवायचं, असं ते झालं. ज्याला वाजवता येत नाही तो नोटेशन लिहीत नाही, भावोजी.

शिवाय डिसेंबर १९६६ पासून, होनोलुलूच्या कार्यक्रमापासून, स्टेजवर हे चौघेच वाजवायचे. तिथे कसला ट्रॅक? किंकाळ्यांत काही ऐकू यायचं नाही ती गोष्ट वेगळी.

आपण मुंबईकरांनी तर यावर नाक मुरडूच नये. पडद्यावर नायक गिटार छेडतो आणि वाजवत असतो ताडदेवच्या नाहीतर महालक्ष्मीच्या स्टुडिओत बसलेला कोणी गोव्याचा माणूस. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा यांच्यासारख्यांनी आख्खे वाद्यवृंद उभे केले, तबकडीवर नाव नाही. त्याला आपण कला म्हणतो. तेच अमेरिकेत झालं की फसवणूक. मी हे बोललो तेव्हा भावोजींचं उत्तर असं, की नायक ‘मीच वाजवलं’ म्हणत नाही. यात तथ्य आहे, मान्य. पण मंकीजनीही म्हटलं नव्हतं, विकणाऱ्यांनी तसं भासवलं. विचारल्यावर नेस्मिथने तर छापून येईल असं सांगूनच टाकलं की आम्ही वाजवलेलं नाही. लोकांनी राग मात्र या पोरांवर काढला.

२१ फेब्रुवारी २०१९ ला टॉर्क कनेक्टिकटमध्ये गेला, ७७ वर्षांचा. त्याच्या दहा वर्षं आधी जिभेजवळ कर्करोग निघाला होता, त्यातून उठून पुन्हा दौरे केले होते. मी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन ओळी लिहिल्या. मिनिटभरात भावोजी: ‘कोण? टीव्हीवरचं माकड? आमचे बीटल्स ते खरे.’ मग मी राहवेना म्हणून लिहिलं, की तुमच्या बीटल्सपैकी जॉर्ज हॅरिसनने ‘वंडरवॉल’ सिनेमाचं संगीत करताना याच माकडाला बँजोला घेतलं होतं. त्याच संगीताचा दुसरा भाग जानेवारी १९६८ मध्ये मुंबईत, एचएमव्हीच्या स्टुडिओत झाला, संतूरला शिवकुमार शर्मा, सरोदला आशिष खाँ. शिवजींचं नाव आलं की भावोजी कानाला हात लावतात, त्यामुळे अर्धा तास शांतता. मग आलं: ‘ओळखीने बोलावलं असेल.’ आणि गंमत अशी की टॉर्कचा बँजो सिनेमात ऐकू येतो, तबकडीवर घेतलेला नाही. तिथेही नाही!

हळहळ का, तर मला वाटतं यासाठी. बँड व्हायची हौस चौघांत खरी त्यालाच होती. ‘हेडक्वार्टर्स’नंतर बाकीचे हळूहळू आपापलं रेकॉर्डिंग आपापल्या वादकांना घेऊन करायला लागले, आणि १९६८ संपता संपता हा बाहेर पडला. पैसा गेला, काही महिने तुरुंगवासही झाला, शाळेत शिकवलं, हॉटेलात वेटर झाला. १९८६ साली एमटीव्हीने जुने भाग दाखवले आणि नेस्मिथ सोडून बाकीचे तिघे पुन्हा जमले. मधल्या काळात आणि नंतर ब्लूज वाजवत राहिला, लहान लहान हॉलमधून, पिन लावून.

ऐकायचं कुठून? ‘निवडक’ कॅसेटवरून अजिबात नको, मी तीच चूक केली. आतेभावाने ९१ साली अमेरिकेहून आणलेली होती आणि मी वर्षभर ज्याला टॉर्क समजून दाद देत होतो ते दुसरेच कोणी होते. सरळ ‘हेडक्वार्टर्स’ लावा. पहिल्याच गाण्यात बँजो त्याचा आहे. ‘फॉर पीट्स सेक’ त्याने एका मित्राबरोबर रचलेलं, ते पुढे मालिकेच्या दुसऱ्या वर्षी शेवटी वाजायचं. मग ‘डेड्रीम बिलीव्हर’. गाणं चौघांतल्या डेव्ही जोन्सचं म्हणून ओळखलं जातं, पण सुरुवातीचा पियानो टॉर्कने बसवलेला आणि वाजवलेला. तो तुकडा काढून टाका आणि मग गाणं म्हणून बघा.

प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं, नाहीतर कोणीतरी खाली येऊन सांगेलच. पहिल्या दोन तबकड्यांत यांच्या हातचं फार थोडं आहे. नेस्मिथने टॉर्कला गिटारीला घेतलं होतं, तेवढंच. चौथा, मिकी डोलेन्झ, ड्रम शिकला तो मालिकेत घेतल्यावर. ‘हेडक्वार्टर्स’मध्येही बऱ्याच ठिकाणी बेस निर्माता चिप डग्लसचा आहे. आणि तबकडी म्हणून ती काही थोर नाही, दोन गाणी तर चक्क भरतीची. मला ती आवडते त्यामागचं कारण संगीताचं कमी आणि वर सांगितलेलं जास्त असेल. माझी आणि टॉर्कची बरोबरी नाही, हेही कळतं.

तुम्ही स्वतः वाजवत असाल आणि कोणी पिनेशिवाय उभं करत असेल तर उभे राहा, पैसे घ्या, पण ओळ पाठ करून जा. हा सल्ला तुम्ही मागितला नव्हता. टॉर्क गेला त्याच वर्षीच्या गणपतीत ताईकडे जे झालं त्यावरून देतोय.

भाची नुकतीच गिटार शिकायला लागली होती. तिला कुठूनतरी आमचा तो जुना कार्यक्रम मोबाइलवर सापडला. ‘मामा, हा तू? पण हे तर जुळत नाहीये.’ पुन्हा तोच क्लोजअप. मी म्हटलं, आवाज बंद कर आणि नुसती बोटं बघ. बेसच्या चार तारा म्हणजे तुझ्या गिटारच्या जाड चार तारा, फक्त एक सप्तक खाली. पोरीने थांबवत थांबवत, एकेक पडदा मोजत ते आठेक सेकंद उतरवून काढले. पाऊण तास लागला. मग सलग वाजवलं. वरून घसरत खाली येणारी ती जागा आली आणि स्वयंपाकघरात मोदकाची पारी करता करता ताई त्यावर कोळीगीत गुणगुणायला लागली, कोणी न सांगता.

बाहेरच्या खोलीतून भावोजींचा आवाज आला, ‘अगं, टीव्हीवर तर भावगीत होतं. हे गाणंच वेगळं आहे.’

म्हटलं, हेच सांगतोय मी २००४ पासून.