यॉर्कला जायचंय, किती पैसे धरू?

प्रश्न : ताई नमस्कार, मी रेल्वेतून रिटायर झालोय, पाचपाखाडीत राहतो. सप्टेंबरमध्ये मिसेससोबत लंडनला भाच्याकडे जातोय आणि तिथून यॉर्क बघायचंय, पण भाचा म्हणतो खूप महाग पडेल, सकाळी जाऊन रात्री परत या. तीन रात्री राहायचं म्हटलं तर दोघांना किती खर्च येईल? मिसेसचं वय ५६ आहे.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : काका, आधी एक सांगते, राहा. एका दिवसात धावपळ होईल आणि खरं तर यॉर्कमध्ये बघण्याला फार पैसे लागतच नाहीत, पैसे जातात ते झोपायला आणि ट्रेनला. या दोन गोष्टी नीट जमवल्या की बाकीचं आपोआप बसतं.

ट्रेन लंडनच्या किंग्ज क्रॉसवरून सुटते, यॉर्कला साधारण दोन तास. तिकडे तिकिटाचा भाव आपल्यासारखा ठरलेला नसतो, ॲडव्हान्स तिकीट लवकर काढलं तर स्वस्त आणि त्या दिवशी खिडकीवर गेलात तर त्याच सीटला दुप्पट-तिप्पट पण पडू शकतात. फक्त ॲडव्हान्स तिकीट त्याच गाडीला चालतं, गाडी चुकली की पैसे गेले, म्हणून विमानातून उतरल्याच्या दिवशीचं काढूच नका. दुसरं म्हणजे टू टुगेदर रेलकार्ड घ्या, ३५ पाउंडाला मिळतं, वर्षभर चालतं आणि दोघं एकत्र प्रवास करत असाल तर एक तृतीयांश सूट. सीनियर कार्ड साठीनंतर मिळतं, तुम्हाला मिळेल पण वहिनींना नाही, म्हणून हेच बरं. सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आधी मात्र ते चालत नाही, हे लक्षात ठेवून गाडी निवडा.

हॉटेल रविवार ते बुधवार असं घ्या. वीकेंडला तिथे इंग्लंडभरातून लोक पार्टी करायला येतात, रेट चढतात, आणि रेसकोर्सवर घोड्यांच्या शर्यती असल्या की तर विचारूच नका, ऑगस्टमधल्या एबोर शर्यतींच्या वेळी तर फारच. शहराभोवती जुनी भिंत आहे, तिच्या आत किंवा लगत छोटी खोली चालेल, कारण शहर चालत फिरण्याचंच आहे. स्टेशनपासून मिन्स्टर, म्हणजे ते मोठं कॅथेड्रल, पंधरा-वीस मिनिटं, ठाणे स्टेशन ते तलावपाळी चालता त्याहून जरा जास्त. बस पासचे पैसे धरूच नका.

आता फुकटातलं, आणि इथेच तुम्हाला मजा आहे काका. नॅशनल रेल्वे म्युझियम, १९७५ पासून यॉर्कमध्ये, प्रवेश फुकट, स्टेशनच्या मागेच. तिथे मॅलार्ड नावाचं इंजिन आहे ज्याने १९३८ मध्ये ताशी १२६ मैल वेग गाठला, वाफेच्या इंजिनांचा तो विक्रम आजही मोडलेला नाही, आणि जपानच्या शिंकान्सेनचा, म्हणजे पहिल्या पिढीतल्या बुलेट ट्रेनचा, डबा पण उभा आहे. ज्या ठाण्यापर्यंत १८५३ मध्ये देशातली पहिली पॅसेंजर गाडी आली तिथला रेल्वेवाला यॉर्कला जाऊन हे बघायला अर्धाच तास देणार असेल तर मला खरंच वाईट वाटेल, पूर्ण दिवस द्या. शहराच्या भिंतीवरून साधारण साडेतीन किलोमीटर चालता येतं, तेही फुकट, फक्त काही ठिकाणी कठडा नाही तर वहिनींचा गुडघा बघून ठरवा. शॅम्बल्सची जुनी गल्ली, सेंट मेरीज ॲबी या जुन्या ख्रिस्ती मठाचे अवशेष, शहरातल्या स्वयंसेवक गाइडांची चालत फेरी (१९५१ पासून चालू आहे), सगळं फुकट.

पैसे द्यावेत असं एकच ठिकाण मी आग्रहाने सांगेन, मिन्स्टर. माणशी वीसेक पाउंड आहेत पण पूर्वेकडची ती प्रचंड काचेची खिडकी १४०८ च्या सुमारास पुरी झाली, ती बघताना पैसे आठवत नाहीत. संध्याकाळच्या प्रार्थनेला, इव्हनसाँगला, फुकट बसता येतं, पण तेव्हा फिरून बघता येत नाही.

खाण्याचं, दुपारी सुपरमार्केटमधलं मील डील, म्हणजे सँडविच, खाऊ आणि पेय मिळून एकाच ठरलेल्या भावात, रात्री एकदा पब. पाणी विकत घेऊ नका, नळाचं पितात आणि पबमध्ये मागितलं की फुकट द्यावंच लागतं. खोलीत बहुतेक किटली असते, इन्स्टंट उपमा न्या, शेंगदाणा चटणी न्या. तूप, पेढे, बर्फी, पनीर नका, दुधाचे पदार्थ आपल्याकडून तिकडे नेता येत नाहीत.

आता हिशोब. खोली ३ रात्री ३०० पाउंड, खाणं १८०, प्रवेशाची तिकिटं १००, ट्रेन जाऊन-येऊन १२०, रेलकार्ड ३५. एकूण ७३५, पाउंड १२५ रुपये धरला तर साधारण ९२ हजार. आणि कार्ड स्वाइप करताना मशीन विचारेल रुपयांत की पाउंडात, तर पाउंडच दाबा, रुपये दाबलेत की भाव वाईट लागतो.

प्रश्न : आम्ही डिसेंबरमध्ये आठ वर्षांच्या मुलाला घेऊन यॉर्कला जातोय, ख्रिसमस मार्केट बघावं का? जॉर्विक बघावं का?
— एक वाचक, वाशी

उत्तर : जॉर्विक नक्की, ते व्हायकिंगांवरचं म्युझियम आहे, त्या काळातल्या गल्लीतून गाडीत बसवून फिरवतात, वाससुद्धा तसेच केलेत, मुलांना फार आवडतं. वेळेचा स्लॉट आधी ऑनलाइन घ्या. मार्केट बघायला छान पण त्या दिवसांत खोल्या महाग आणि गर्दी प्रचंड, तर मंगळवार-बुधवार गाठा. आणि डिसेंबरमध्ये तिथे पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे भिंतीवरचा फेरफटका सकाळीच उरकून घ्या, अंधार पडला की भिंतीचे दरवाजे बंद करतात.