पोरांना सस्टेनेबिलिटीचा धंदा शिकवायचा तर आधी कुणाचं तरी लाईट बिल बघायला लावा

मॅडम, तुमचा प्रश्न वाचला, नवीन वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात परत लिहितो. कोल्हापूरजवळच्या कॉलेजात सातव्या सेमला 'उद्योजकता, इनोव्हेशन आणि सस्टेनेबिलिटी' हे इलेक्टिव्ह तुमच्या गळ्यात पडलंय, मेकॅनिकल, सिव्हिल, कॉम्प्युटर मिळून साठ पोरं, आधीच्या सरांच्या पीपीटीत सतरा एसडीजींचे (संयुक्त राष्ट्रांची शाश्वत विकासाची उद्दिष्टं) रंगीत चौकोन आणि शेवटी पिचिंग, म्हणजे धंद्याची आयडिया पाच-दहा मिनिटांत मांडून दाखवायची. मागच्या वर्षी त्या पिचिंगला निम्म्या ग्रुपनी कचरा गोळा करायचं ॲप आणलं होतं. आता वेगळं काय करू, असं तुम्ही विचारलंय.

मी आधी शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात होतो, नंतर बरीच वर्षं प्रॉडक्शन शिकवलं, त्यामुळं माझं उत्तर त्याच बाजूला झुकणार हे धरून चाला. माझ्या मते पोरांना आयडिया विचारूच नका. पहिले पाच-सहा आठवडे एकच प्रश्न द्या, की जे वाया जातंय त्याचे पैसे आत्ता कुणाच्या खिशातनं जातायत? ज्याच्या खिशातनं जातायत तोच जर गिऱ्हाईक होणार असेल तर धंदा उभा राहायला जागा आहे, नाहीतर ते समाजकार्य आहे किंवा सरकारी काम आहे, दोन्ही चांगलं, पण त्याची गणितं वेगळी. हा फरक पोरांच्या डोक्यात बसला की निम्मा कोर्स झाला.

सुरुवात फौंड्रीपासून करा. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले, कुठंही ओळखीतनं आत शिरता येतं, आणि साठ पोरांच्या घरात दोन-चार जण तरी फौंड्रीत किंवा मशीन शॉपमध्ये असतातच, हे कोल्हापूर आहे. तिथं गेल्यावर मालकाला "तुमचं वेस्ट किती" असं विचारलं तर तो सांगणार, "वेस्ट कुठलं, रिजेक्ट झालेलं कास्टिंग आम्ही परत भट्टीत टाकतो". खरंय, लोखंड वाया जात नाही. पण ते वितळवायला लागलेली वीज गेली, वाळू गेली, मोल्डरची मजुरी गेली. इंडक्शन फर्नेसला (विजेवरच्या भट्टीला) एक टन वितळवायला साधारण ५५० ते ७०० युनिट लागतात. समजा महिन्याला १०० टन माल आणि ६ टक्के रिजेक्शन, म्हणजे ६ टन, ६०० युनिटनं धरलं तरी ३,६०० युनिट, युनिटला आठ-नऊ रुपये धरा, महिन्याला तीस हजाराच्या आसपास नुसत्या विजेचे, आणि रनर-रायझर (साच्यात रस ओतायच्या वाटा, त्यात गोठलेलं लोखंड नंतर कापून काढतात) धरले तर वितळवलेला माल त्याहून बराच जास्त असतो. हे गणित पोरांनी फळ्यावर नाही, मालकासमोर बसून त्याच्याच बिलावर करायचं. युनिटमागं साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला की सस्टेनेबिलिटीचा आकडा त्याच कागदावर येतो, त्यासाठी वेगळं प्रकरण शिकवायला लागत नाही.

मग रिजेक्शन का होतंय ते बघायला सांगा. ब्लो होल (गॅसनं पडलेली भोकं), सँड इन्क्लूजन (आत अडकलेली वाळू), मिसरन (साचा पूर्ण न भरणं), कुठलं किती. ग्रीन सँडमध्ये, म्हणजे बेंटोनाइट माती आणि पाणी घालून केलेल्या साच्याच्या वाळूत, ओलावा साधारण तीन-चार टक्क्यांच्या आसपास ठेवतात, तो वाढला की गॅस होतो आणि ब्लो होल पडतात. मोठ्या फौंड्रीत सँड लॅब असते, छोट्या ठिकाणी अनुभवी माणूस मुठीत वाळू दाबून, ती मोडून बघतो आणि सांगतो, आणि बहुतेक वेळा बरोबर सांगतो. तो रजेवर गेला की काय होतं? पावसाळ्यात नवीन वाळू ओली येते तेव्हा काय होतं? इथं कॉम्प्युटरच्या पोरांना पण काम आहे, स्वस्त ओलावा मोजणारं काहीतरी, धूळ-उष्णता सोसणारं, मोल्डरला वापरता येणारं आणि मालकाला परवडणारं. ॲपपेक्षा हे कंटाळवाणं वाटेल, पण याला पैसे देणारा माणूस समोर उभा आहे.

तिथल्याच हवेच्या कॉम्प्रेसरची टेस्ट तर फुकटात होते, नक्की करून घ्या. सुट्टीच्या दिवशी सगळी मशीन बंद, कॉम्प्रेसर तेवढा चालू. तो किती वेळ लोड होतोय (हवा भरतोय) आणि किती वेळ अनलोड (नुसता फिरतोय) ते स्टॉपवॉच लावून मोजायचं. लोडचा वेळ भागिले दोन्ही वेळांची बेरीज, गुणिले शंभर, एवढे टक्के हवा नुसत्या गळतीला चाललीय. देखभाल नसलेल्या शॉपमध्ये वीस-तीस टक्के सहज निघतं. फुसफुस आवाज येणारा प्रत्येक जॉइंट खडूनं मार्क करायचा. दुसऱ्या वर्षाचं पोरगं सुद्धा हे करू शकतं आणि ही सर्व्हिस म्हणून विकता येते का, दर तीन महिन्यांनी कोण बोलवेल, किती देईल, यावर वर्गात तासभर भांडण होतं. होऊ द्या.

फौंड्रीतल्या वापरलेल्या वाळूचे पेव्हर ब्लॉक करायचे प्रोजेक्ट मात्र सरळ बंद करा. दर वर्षी सिव्हिलचा एक ग्रुप करतोच. काँक्रीटचे क्यूब टाकायचे, अठ्ठावीस दिवसांनी ताकद बघायला फोडायचे, ग्राफ काढायचा, संपलं. प्रमाण वाढवलं की ताकद उतरते कारण त्या वाळूत बेंटोनाइट आणि बारीक भुकटी असते, पाणी जास्त मागते, हे आता सगळ्यांना माहितीय. कुणीच विचारत नाही की वाळू फौंड्रीतनं ब्लॉकवाल्यापर्यंत नेणाऱ्या डंपरचं भाडं कोण देणार, आणि प्रत्येक लॉट वेगळा येतो त्याला ब्लॉकवाला काय म्हणणार. पोरांना करायचंच असेल तर आधी दोन ब्लॉकवाल्यांशी बोलून या म्हणावं, मग क्यूब. थर्मल रिक्लेमेशनचं (तापवून वाळू परत वापरायजोगी करायचं) पण तसंच, वाळू बांधणारं रेझिन जाळायला ती सहा-सातशे डिग्रीपर्यंत तापवायला लागते, तो गॅस हिशोबात धरला का विचारा. नुसतं 'रीसायकल' म्हटलं की हिरवं होत नाही.

दुसरा मुक्काम गुऱ्हाळ. इथं गंमत वेगळी आहे. एक किलो गुळाला साधारण पाच-साडेपाच किलो रस लागतो, म्हणजे साडेचार किलोच्या आसपास पाणी उडवायचं. पाण्याच्या किलोला २.२६ मेगाज्यूल, वर रस तापवायची उष्णता, सगळं मिळून बारा मेगाज्यूल धरा. वाळलेल्या चिपाडात (रस काढून उरलेल्या उसात) किलोला पंधराच्या आसपास असतात. म्हणजे किलोभर चिपाडात काम व्हायला पाहिजे. जुन्या एका काहिलीच्या (रस आटवायच्या मोठ्या कढईच्या) चुलवणावर प्रत्यक्षात दोन किलोच्या वर जातं, उरलेली उष्णता धुराड्यातनं आभाळात. मागं दुसरी काहील बसवून पुढच्या आदणाचा (एका वेळच्या घाण्याचा) रस तापवून घेतला तर बचत होते, हे काही नवीन संशोधन नाही. तरी सगळेजण का बसवत नाहीत? कारण चिपाड त्याला फुकट वाटतं, त्याच्याच उसाचं आहे, खिशातनं काही जात नाही. म्हणजे उरलेलं चिपाड विकत घेणारा कोणी मिळाला तरच त्याला बचत दिसणार. पोरांना गुळव्याशी, म्हणजे गूळ शिजवणाऱ्या कारागिराशी बोलू द्या, मालकाशी नंतर. आदण कधी उतरवायचं ते तो कसं ओळखतो, एवढ्या उकाड्यात उभा कसा राहतो, हे ऐकलं की थर्मोकपल (तापमान मोजायचा सेन्सर) लावायचा उत्साह जरा जमिनीवर येतो. आणि गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून हायड्रॉस (रंग उजळवणारं केमिकल) मारतात, बिनकेमिकलचा काळपट गूळ बाजारात मार खातो, हा पण प्रश्न तिथंच उभा आहे. तो इंजिनिअरिंगचा कमी आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्याचा जास्त आहे.

पंचगंगा सगळ्यात शेवटी घ्या. पोरं पहिल्याच दिवशी नदी म्हणणार, जलपर्णी काढायची बोट म्हणणार, घेऊ नका. जयंती नाल्याचं आणि दुधाळी नाल्याचं सांडपाणी, खाली इचलकरंजीचं प्रोसेसिंग, आणि वास-मेलेले मासे शिरोळ तालुक्याला. घाण करणारा वेगळा, सोसणारा वेगळा, पैसे देणार महापालिका किंवा सरकार. म्हणजे गिऱ्हाईक टेंडर काढणारं ऑफिस आहे आणि बिल कधी निघेल ते देव जाणे. जलपर्णीत नव्वद टक्क्यांच्या वर पाणीच असतं, ती उचलून वाहायची म्हणजे पाणीच वाहायचं, आणि सांडपाण्यातलं नायट्रोजन-फॉस्फरस येतंय तोवर ती परत येणार. फौंड्री आणि गुऱ्हाळ बघून आलेलं पोरगं हे स्वतःच बोलायला लागतं, पहिल्या आठवड्यात तुम्ही सांगून पटत नाही.

निर्यातीकडं कल असलेला ग्रुप असेल तर त्यांना युरोपच्या सीबॅमवर, म्हणजे आयात मालाच्या कार्बनवर लावलेल्या आकारावर बसवा. ऑक्टोबर २०२३ पासून रिपोर्टिंग सुरू झालं, जानेवारी २०२६ पासून येणाऱ्या मालावर खरा आकार लागू. लोखंड-पोलाद यादीत आहे पण सगळंच कास्टिंग येतं असं नाही, एचएस कोडवर (कस्टम्समध्ये प्रत्येक मालाला असलेल्या नंबरवर) ठरतं. एका फौंड्रीचे चार पार्ट घेऊन कुठला कुठल्या कोडखाली जातो ते शोधा, एवढंच काम द्या. दोन आठवडे जातात त्यात.

मार्कांचं म्हणाल तर पिचला दहाच्या वर देऊ नका. बाकीचे फील्ड वहीला, आणि वही हातानं लिहिलेली, तारीख-वार, कुणाशी बोललो, काय मोजलं, कसं मोजलं. लेटरहेडवरची 'आम्ही हे प्रॉडक्ट घेऊ' अशी पत्रं मान्य करू नका, ती सगळी मामाच्या दुकानातनं येतात. त्यापेक्षा व्हायव्हाला एका फौंड्रीवाल्याला बोलवा. तो दोन मिनिटांत विचारतो की हे बिघडलं तर दुरुस्त कोण करणार, आणि तिथं चांगली चांगली पोरं गप्प होतात.

एचओडींसाठी: २०१९ चं राष्ट्रीय इनोव्हेशन आणि स्टार्टअप धोरण आहे, त्यात मिनी किंवा मेजर प्रोजेक्टच्या जागी स्टार्टअपचं काम धरायला वाव दिलाय, त्याची प्रिंट काढून टेबलावर ठेवा. मॅपिंग, म्हणजे कोर्समधनं ठरलेली कुठली उद्दिष्टं साधतात त्याचा तक्ता, या फील्डच्या कामात आपोआप बसतं, पर्यावरण आणि प्रोजेक्ट-फायनान्स दोन्ही येतात.

तुमचं सेम जुलै-ऑगस्टला सुरू होतं ते सोयीचं आहे, फौंड्री पावसात बघून होते आणि गुऱ्हाळं दिवाळीच्या आसपास पेटतात. जाताना पोरांच्या पायात सेफ्टी शूज आणि अंगात सुती कपडे पाहिजेत, ओतकाम चालू असताना टेरिकॉट नको. फोटो विचारून. आणि बिल मागायच्या आधी मालकाला सांगा की रिपोर्टमध्ये कंपनीचं नाव येणार नाही, मग तो नुसतं या महिन्याचं नाही, वर्षभराची बिलं काढून देतो. परवानगीच्या पत्राचा नमुना माझ्याकडं आहे, हवा असेल तर कळवा, टाकतो इथंच.