‘टीव्ही बघण्याची नोकरी’ म्हणण्याआधी

प्रश्न: मुलगी २३ वर्षांची. दहावीला ९१.३३ टक्के, बारावीला ८४.६०. बडोद्यालाच सयाजीराव विद्यापीठातून इलेक्ट्रॉनिक्समध्ये बी.ई. केलं. वर्षभर मुंबईत टीव्ही वाहिन्यांच्या प्रक्षेपण केंद्रात नोकरी करते, आठवड्याआड रात्रपाळी. मोठ्या भिंतीवर पन्नास-साठ चॅनल एकदम दिसतात, ते बघत बसायचं, लाल झालं की फोन करायचा. आता तिथे अलार्म आणि सबटायटल बसवायचं काम मिळालंय म्हणून नोकरी सोडायला तयार नाही. आम्ही तिला परत बोलवायचं ठरवलं आहे. गेटचा आणि बँक पीओचा फॉर्म मी भरून टाकलाय, तिला अजून सांगितलेलं नाही. गेट, बँक की जीपीएससी (गुजरातची लोकसेवा परीक्षा), एवढंच सांगा.
– एक वडील, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर: फॉर्म भरलाय आणि तिला सांगितलेलं नाही, या वाक्यावर मी थांबले. तिचा फोटो, तिची सही आणि ‘वरील माहिती मी भरली आहे’ हे तिच्या नावाचं निवेदन, हे सगळं तुम्ही परस्पर उरकलंत. स्वतःच्या पगारावर परक्या शहरात राहणाऱ्या मुलीच्या बाबतीत हे चुकलं आहे, आणि ते मी गुळमुळीत शब्दांत सांगणार नाही. तुमच्या पत्रात तिचे टक्के दशांशासकट आहेत. तिला ते काम का सोडवत नाही, याबद्दल मात्र एक शब्द नाही. विचारलंत का कधी?

आज फोन करून सांगा. रागावेल, रागावू द्या. हॉल तिकिटाचा मेसेज आल्यावर तिला कळलं, तर यापुढे ती घरी काहीच सांगणार नाही. रात्रपाळी करणाऱ्या मुलीने सगळं घरी सांगावं, असंच तर तुम्हाला वाटतं ना?

परीक्षांचं थोडक्यात: गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो आणि नोकरी सांभाळून देता येते, बँक आणि जीपीएससी तिला स्वतःला हवं असेल तरच.

आता त्या भिंतीबद्दल. ‘लाल झालं की फोन करायचा’ असं तुम्ही लिहिता. पण लाल कधी व्हायचं, हे कुणीतरी ठरवावं लागतं, आणि तुमच्या मुलीला नेमकं ते काम मिळालं आहे. त्या भिंतीला मल्टिव्ह्यूअर म्हणतात. चित्र काळं पडलं, गोठलं, आवाज गेला, की त्या चॅनलच्या चौकटीला अलार्म लागतो. पण सिनेमात दोन दृश्यांच्या मध्ये पडदा मुद्दाम काळा होतो, बातम्यांत तसा होत नाही. म्हणजे किती सेकंद थांबून ओरडायचं हे चॅनल बघून ठरवायला लागतं. सारखा खोटा अलार्म वाजला तर रात्री तीन वाजता खऱ्याकडेही कुणी बघत नाही. सबटायटल त्याहून अवघड. डीव्हीबी या डिजिटल प्रक्षेपणाच्या पद्धतीत ती चित्रात मिसळलेली नसतात, वेगळ्या प्रवाहातून येतात आणि घरचा सेट-टॉप बॉक्स ती चित्रावर चढवतो. भिंतीवर ती उलगडून दाखवायची सोय केली नाही, तर चित्र ठीक, आवाज ठीक, एकही अलार्म नाही, आणि ज्यांना ऐकू येत नाही अशा प्रेक्षकांसमोर मुके ओठ हलत राहतात. बरं, ‘सबटायटल आलं नाही’ असा सरसकट अलार्म लावावा, तर गाण्यात किंवा शांत प्रसंगात तो उगाच वाजेल. प्रवाह येतोय पण भाषा चुकीची आहे, हे तर बहुतेक वेळा वाचणाऱ्या माणसालाच कळतं. याला बघत बसणं म्हणायचं का?

तुमच्याच गावात सयाजीरावांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं. हातात कसब असलेली माणसं तयार व्हावीत, हा त्यामागचा हेतू. दादासाहेब फाळके तिथेच शिकले. त्या गावात बसून पडद्यामागच्या तंत्राला कमी लेखू नका.

तुमची काळजी मात्र अर्धी खरी आहे, आणि हा भाग तिला वाचून दाखवा. नुसती ऑपरेटर म्हणून भिंतीसमोर चार-पाच वर्षं काढली, तर ती तिथेच अडकेल. काळा पडदा आणि शांतता यंत्राला आधीच ओळखता येते, त्यामुळे पाळीवर फक्त बघणारी माणसं कमीच होणार. अलार्म बसवणारीला वाव आहे, पण त्यासाठी तिने आता शिकायला हवं. ट्रान्सपोर्ट स्ट्रीम, म्हणजे चित्र, आवाज आणि सबटायटल एकत्र वाहून नेणारा प्रवाह, आतून कशी असते, तो प्रवाह तपासण्याच्या टीआर १०१ २९० या नियमावलीतल्या चुकांच्या तीन पातळ्या, यंत्रांची खबर नेटवर्कवरून घेण्याची एसएनएमपी पद्धत, लिनक्स, थोडं पायथनमधलं प्रोग्रामिंग. सगळ्यात आधी नेटवर्किंग, कारण २०१७ पासून एसटी २११० हे मानक आलं आणि स्टुडिओतलं चित्र खास व्हिडिओ केबलऐवजी आयपी नेटवर्कवरून, म्हणजे कॉम्प्युटरच्या नेटवर्कसारखं, जायला लागलं. इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलीला हे जड नाही. दोन वर्षांत हुद्दा ऑपरेटरचा इंजिनिअर झाला नाही, तर तिने कंपनी बदलावी.

रात्री ने-आण करायला कंपनीची गाडी आहे का, हे जरूर विचारा. तो तुमचा हक्काचा प्रश्न आहे. आणि कोचिंगसाठी बाजूला काढलेले पैसे नेटवर्किंगच्या कोर्सला हवेत का, तेही विचारा. नको म्हणाली तर आग्रह करू नका.